स्टारड्यू व्हॅलीत पहिल्यांदाच मॉड टाकायचेत, व्हिडिओवाला म्हणतो डिफेंडर बंद करा, करू का?

रानजाई

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही, गेम खेळते आणि एक्सेलमध्ये बेरजा करते एवढंच. ताईने लग्नाआधी स्टीमवर (गेम विकत मिळतात ते ॲप) स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम घेतला होता, तो लॅपटॉप आता माझ्याकडे आलाय आणि त्यात तिचं शेत अजून आहे, नाव आजोळ, चौथं वर्ष चालू आहे, माहेरी आली की आधी चहा आणि मग लगेच लॅपटॉप उघडून पारिजातकासारख्या त्या तिच्या स्टारफ्रूटच्या रांगा बघत बसते. माझं वेगळं शेत आहे पण लॅपटॉप एकच.

तर मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या फाइली, टाकून मला दोनच गोष्टी हव्यात. एक म्हणजे गावातल्या कुणाला काय गिफ्ट आवडतं ते गेममध्येच दिसावं, दर वेळी मोबाईलवर विकी उघडून कंटाळा आला. दुसरं म्हणजे माणसांचे चेहरे जरा छान दिसावेत.

यूट्यूबवर एक व्हिडिओ सापडला, "५० मॉड एका क्लिकमध्ये". खालच्या लिंकवरून दोन जाहिरातींची पानं पार करून ४१ एमबीची झिप मिळाली. झिपला पासवर्ड होता, तो व्हिडिओखाली दिलेला. आत एक इन्स्टॉलर डॉट ईएक्सई आणि एक टेक्स्ट फाइल, त्यात लिहिलंय की विंडोज डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, आधी बंद करा कारण तो मॉडला चुकून व्हायरस समजतो. कॉमेंटमध्ये सगळे थँक्यू भाऊ, वर्किंग, असंच लिहितायत.

मी अनझिप केलंय, पण डबल क्लिक करायचा धीर झाला नाही. नुसतं अनझिप केल्याने काही लागलं असेल का? आणि हे रीतसर कसं करतात? ताईचं आजोळ गेलं तर ती मला घरात घेणार नाही.

जुना_खेळगडी

नको. अजिबात नको. धीर झाला नाही ते बरंच झालं.

पासवर्ड कशाला लावलाय ते बघ. फुकट वाटायच्या वस्तूला कुलूप लावून किल्ली त्याच दाराला कोण टांगून ठेवतं? कुलूप तुझ्यासाठी नाहीये, ते अँटीव्हायरससाठी आहे. पासवर्ड असलेल्या झिपच्या आत ब्राउझरला, गूगल ड्राइव्हला, डिफेंडरला कुणालाच डोकावता येत नाही, त्यामुळे फाइल अलगद तुझ्यापर्यंत पोचते. मग उरतो फक्त डिफेंडर, तो तुझ्याच हाताने बंद करून घ्यायचा. कॉमेंटचं म्हणशील तर चॅनलवाला नको त्या कॉमेंट उडवू शकतो आणि थँक्यू भाऊ लिहिणारी खाती ढिगाने तयार करता येतात.

नुसतं अनझिप केल्याने सहसा काही होत नाही. फाइल डिस्कवर पडून आहे, चालू झालेली नाही. झिप आणि उघडलेला फोल्डर दोन्ही शिफ्ट दाबून डिलीट कर म्हणजे रिसायकल बिनमध्ये सुद्धा राहणार नाही. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन फुल स्कॅन लाव, वेळ लागतो, रात्री लावून झोप. तरी मनात पाल चुकचुकत असेल तर तिथेच ऑफलाइन स्कॅन आहे, तो लॅपटॉप रीस्टार्ट करून विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतो.

अजून एक कर. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूत जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू कर. विंडोज ते मुळातच लपवून ठेवतं, का ते त्यांनाच माहीत. त्यामुळे कुणी "पोर्ट्रेट डॉट पीएनजी डॉट ईएक्सई" असं नाव दिलं तर तुला फक्त पीएनजी दिसतं, आणि आयकॉन पण चित्राचा लावता येतो.

कोकणकडा

मी केला होता डबल क्लिक, त्यामुळे पुढची गोष्ट मी सांगतो.

२०२२ ची गोष्ट, दुसऱ्या एका गेमचं मॉड होतं, चॅटवर मित्रानेच लिंक पाठवलेली (मित्राचं अकाउंट आधीच गेलेलं होतं हे नंतर कळलं). अशीच पासवर्डवाली झिप. क्लिक केल्यावर एक काळी खिडकी पापणी लवेपर्यंत आली आणि गेली, बाकी काहीच नाही, मला वाटलं मॉड चालत नसेल, लॅपटॉप तसाच ठेवून जेवायला गेलो. हात धुवून येईपर्यंत माझ्या नावाने पन्नासेक लोकांना तीच झिप गेलेली होती आणि माझ्या मावसभावाने ती उघडली सुद्धा, कारण दादाने पाठवली म्हणजे चांगलीच असणार.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला तर माझ्या सगळ्या अकाउंटला ओटीपी लावलेला होता. तरी आत शिरले. नंतर वाचून कळलं की असला प्रोग्राम पासवर्ड चोरतोच, पण त्याबरोबर ब्राउझरमधल्या कुकीज उचलतो. आपण एकदा लॉगिन केलं की साइट जी "हा आपलाच माणूस आहे" अशी चिठ्ठी ब्राउझरला देते ना, तीच चिठ्ठी उचलून नेतात, मग ओटीपी विचारायचा प्रश्नच येत नाही.

कुणाचा डबल क्लिक झालाच असेल तर आधी वायफाय बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, त्याच लॅपटॉपवरून नाही, पहिल्यांदा ईमेलचा पासवर्ड बदला आणि सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, मग बाकीचे. नुसता पासवर्ड बदलून लॉगआउट केलं नाही तर ती चिठ्ठी कधी कधी चालूच राहते. फोटो आणि कागदपत्रं बाजूला काढून विंडोज नव्याने टाका. बँकेतून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. माझे पैसे गेले नाहीत पण मावशी अजून लग्नकार्यात सगळ्यांसमोर विचारते, तुझा तो व्हायरस गेला का रे.

टीपकागद

रीतसर कसं करायचं ते मी लिहिते, स्टारड्यूच मी २०२० च्या १.५ व्हर्जनपासून मॉड लावून खेळतेय. मोठं आहे, चहा घेऊन बस.

सगळ्यात आधी सेव्हची कॉपी. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाब, छोटी पट्टी येईल, त्यात पर्सेंटचं चिन्ह, ॲपडेटा, परत पर्सेंटचं चिन्ह, इंग्रजीत आणि मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर. रोमिंग नावाचा फोल्डर उघडेल, त्यात स्टारड्यू व्हॅली, त्यात सेव्ह्ज. तिथे दोन फोल्डर दिसतील, एक तुझा एक ताईचा, नावापुढे लांबलचक नंबर असलेले. अख्खा सेव्ह्ज फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर टाक. स्टीम क्लाऊडवर आहे की, असं म्हणू नकोस, क्लाऊड म्हणजे बॅकअप नव्हे, इथे सेव्ह बिघडली की बिघडलेली सेव्हच इमानदारीने वर जाते.

आता स्टारड्यूमध्ये बहुतेक सगळ्या मॉडच्या खाली एक पाया लागतो, त्याला स्मॅपी म्हणतात. मॉड वाचून गेममध्ये भरायचं काम हा करतो, त्याचा कोड सगळ्यांना बघायला गिटहब या साइटवर उघडा आहे. तो त्याच्या स्वतःच्या साइटवरून घे, स्मॅपीचं स्पेलिंग एस एम ए पी आय आणि पुढे डॉट आयओ. सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरात म्हणून जे येतं त्यावर क्लिक करू नकोस, पत्ता स्वतः टाइप कर.

झिप डाउनलोड्समध्येच उघड, गेमच्या फोल्डरमध्ये नको. आणि खरोखर एक्स्ट्रॅक्ट कर, झिपच्या आत बसून क्लिक करू नकोस, नव्वद टक्के लोकांचं तिथेच अडतं (टक्केवारी माझ्या मनाची). आत इन्स्टॉल ऑन विंडोज नावाची बॅट फाइल आहे. ती उघडली की काळी खिडकी येईल, वरची कोकणकड्याची गोष्ट वाचून घाबरू नकोस, ही खिडकी पळून जात नाही, थांबते आणि तुला विचारते. आधी अक्षरांचा रंग कसा हवा ते विचारते, मग इन्स्टॉल करायचं की काढायचं. आकडा दाबून एंटर. शेवटी ती एक ओळ दाखवते, ती कॉपी करून स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लॉन्च ऑप्शन्समध्ये पेस्ट करायची. हे केलं की नेहमीच्या प्लेवरूनच मॉडसकट गेम सुरू होतो आणि अचीव्हमेंट्स पण मिळत राहतात. गेमबरोबर एक काळी खिडकी कायम उघडी दिसेल, ती बंद केलीस तर गेम पण बंद होतो, मी पहिल्या दिवशी तीनदा केला.

मॉड नेक्सस मॉड्स या साइटवरून घे. फुकट खातं काढावं लागतं. मॉडच्या पानावर फाइल्सचा टॅब, त्यात मेन फाइल्सखालचं मॅन्युअल डाउनलोड. मग फास्ट आणि स्लो अशी दोन बटणं येतात, फास्टला पैसे पडतात, स्लो दाबून पाच सेकंद थांब, आपल्याला कुठे गाडी पकडायचीय. डाउनलोडच्या आधी "या मॉडला अमुक मॉड लागतं" अशी खिडकी आली तर ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

गिफ्टसाठी तुला हवंय ते लुकअप एनिथिंग. त्याला स्मॅपीशिवाय दुसरं काही लागत नाही म्हणून पहिलं मॉड तेच टाक. झिप उघडून आतला फोल्डर गेमच्या मॉड्स फोल्डरमध्ये ठेवायचा. तो सापडायला स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, मॅनेज, ब्राउज लोकल फाइल्स. बास. मॉड नको झालं तर तो फोल्डर उचलून बाहेर ठेव, गेमच्या मूळ फाइलींना हात लागलेलाच नसतो.

आणि एका वेळी एकच मॉड! टाक, गेम सुरू कर, एक दिवस खेळ, झोप, परत उघड, मग दुसरं. पन्नास एकदम टाकले आणि गेम पडला तर पन्नासातलं कुठलं ते शोधत बसावं लागतं.

एक्सएनबी फाइली बदला असं सांगणारे जुने व्हिडिओ दिसले तर ते सोडून दे. त्यात गेमच्या स्वतःच्या फाइलींवरच दुसऱ्या फाइली टाकतात, अपडेट आलं की सगळं मोडतं. मार्च २०२४ मध्ये १.६ आलं तेव्हा असल्या कितीतरी लोकांचे गेम उघडेनात. असं कधी झालंच तर स्टीममध्ये व्हेरिफाय इंटेग्रिटीचं बटण आहे, ते मूळ फाइली परत आणून ठेवतं.

शंकासुर

टीपकागद यांनी छान लिहिलंय पण मोठी साइट म्हणजे डोळे झाकून घ्या असा अर्थ कुणी काढू नये म्हणून लिहितो.

जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टचं फ्रॅक्चरायझर प्रकरण आठवतंय का? कर्सफोर्ज ही काही गल्लीबोळातली साइट नाही. तिथल्या काही मॉडवाल्यांची खातीच ताब्यात घेतली आणि लोकांच्या विश्वासातल्या मॉडपॅकमध्ये चोरटा कोड घातला. तो एकदा चालू झाला की कॉम्प्युटरवरच्या बाकीच्या जार फाइलींमध्ये (माइनक्राफ्टची मॉड याच फाइलीत असतात) पण शिरायचा, म्हणजे तुमचं दुसरं चांगलं मॉड पण नासलं. २०२३ च्याच नाताळच्या दिवशी स्ले द स्पायर या गेमच्या डाउनफॉल मॉडचं तसंच झालं, थेट स्टीमवर, बनवणाऱ्यांचं खातं हॅक करून साधारण तासभर खराब अपडेट लोकांना जात होतं. आणि त्याच्या कितीतरी आधी, मे २०१५ ला, जीटीए ५ चं अँग्री प्लेन्स. विमानं येऊन तुमच्यावर आपटतात असं गमतीचं मॉड, आणि मागच्या बाजूला फेड डॉट ईएक्सई नावाचा प्रोग्राम कीबोर्डवर काय टाइप करताय ते टिपतोय. लोकांनी आवडीने लावलं होतं.

मुद्दा असा की मॉड म्हणजे बऱ्याचदा कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम असतो आणि तो तुमच्या नावाने चालतो. तुम्ही जी फाइल उघडू शकता ती तो पण उघडू शकतो. स्मॅपी काही त्याला पिंजऱ्यात ठेवत नाही.

पण सगळे मॉड सारखे नसतात, हे मात्र फार लोकांना माहीत नाही. स्टारड्यूचं झिप उघडून आत बघा. डीएलएल फाइल दिसली तर तो प्रोग्राम आहे. नुसत्या जेसन आणि पीएनजी असतील तर तो कंटेंट पॅक आहे, म्हणजे चित्रं आणि यादी, बहुतेकदा कंटेंट पॅचर नावाचं मॉड ती वाचतं आणि गेममध्ये लावतं. त्यात स्वतःहून चालणारं काही नसतं. चेहऱ्यांची मॉड जवळजवळ सगळी याच प्रकारची. कंटेंट पॅक म्हणवणाऱ्या झिपमध्ये ईएक्सई सापडली तर तिथेच थांबा, खिरीत मिरचीचं काय काम?

मी स्वतः डीएलएलवालं मॉड आलं त्याच दिवशी कधीच घेत नाही. आठवडाभर थांबतो, पोस्ट्स आणि बग्सचे टॅब वाचतो, मग घेतो. शिवाय झिप व्हायरसटोटलवर टाकून बघतो, तिथे सत्तरेक अँटीव्हायरस एकदम तपासतात. सत्तरात एखाद्यानेच नाक मुरडलं तर बहुतेक वेळा चुकीचा संशय असतो, पण पाचदहा जणांनी ओरड केली तर वाद घालत बसत नाही. पासवर्डवाली झिप तिथे टाकून काही कळत नाही, तिला आत जाताच येत नाही. आणि तिथे स्वतःची कागदपत्रं तपासायला टाकू नका, टाकलेली फाइल सिक्युरिटी कंपन्यांना बघायला मिळते.

विन्या_९८

मला एक सांगा माझा धाकटा भाऊ मोबाईलवर मॉड एपीके टाकतो सगळ्या गेमचे, अनलिमिटेड कॉइन वाले, ते पण असंच नेक्ससवरून घेतलं तर सेफ ना?

टीपकागद

विन्या, ते मॉड आणि हे मॉड नुसते नावाचे भाऊ. इथे खरा गेम तसाच राहतो आणि त्याच्या शेजारी वेगळी फाइल येऊन बसते. मॉड एपीके म्हणजे कुणीतरी अख्खं ॲप उघडून, आत बदल करून, स्वतःच्या सहीने परत बांधलेलं असतं. म्हणूनच ते मूळ ॲपवर अपडेट म्हणून बसत नाही, आधी मूळ ॲप काढायला लावतं. आत कॉइनबरोबर अजून काय बांधलंय ते त्यालाच माहीत. नेक्ससवर असलं नसतंच. त्याच फोनवर आईबाबांचं यूपीआय असेल तर भावाचा कान धर. एसएमएस वाचायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागणारं गेमचं ॲप तर आजच्या आज काढायला लाव.

विन्या_९८

यूपीआय बाबांचंच आहे 😐 जातो

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार. ती झिप उडवली, रात्री फुल स्कॅन लावला, काही सापडलं नाही. सेव्ह्ज पेनड्राइव्हवर घेतले आणि एक कॉपी ताईला मेल पण केली, तिने विचारलं हे काय पाठवलंयस, म्हटलं तुझं आजोळ आहे, जपून ठेव.

स्मॅपी झालं, काळी खिडकी पळाली नाही. लुकअप एनिथिंग पण टाकलं. मग जरा जोर आला आणि चेहऱ्यांचं मॉड टाकलं तर काळ्या खिडकीत लाल अक्षरं आली, स्किप्ड मॉड्स असं काहीतरी, आणि चेहरे होते तसेच आहेत. गेम चालू आहे. मोडलं का काही?

टीपकागद

काही मोडलं नाही. लाल ओळ पूर्ण वाच, त्यात बिकॉजच्या पुढे कारण लिहिलेलं असतं. माझी पैज, कंटेंट पॅचर नाही म्हणून वगळलं असं लिहिलं असणार. ती "अमुक मॉड लागतं"वाली खिडकी वाचलीस का खरं सांग.

रानजाई

नाही वाचली 🙈 तेच लिहिलंय. टाकते.

जुना_खेळगडी

ते टाकून पण नाही दिसलं तर फोल्डरमध्ये फोल्डर झालाय का बघ, एक्स्ट्रॅक्ट करताना होतं कधी कधी. मॅनिफेस्ट डॉट जेसन नावाची फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तोच खरा मॉडचा फोल्डर. तरी अडलं तर स्मॅपीच्याच साइटवर लॉग टाकायची सोय आहे, तिथे टाक आणि त्याची लिंक इथे दे, काळ्या खिडकीचे तिरके फोटो नको देऊस, मागच्या वेळी एकाने फोटो दिला त्यात अर्धी त्याची मांडीच होती.

आणि हो, स्मॅपीबरोबर सेव्ह बॅकअप नावाचं छोटं मॉड आपोआप येतं, ते रोजची एक कॉपी गेमच्या फोल्डरमध्ये ठेवतं, शेवटच्या दहा. ते काढू नकोस. पेनड्राइव्ह तरी पण हवाच, लॅपटॉपच गेला तर दहाच्या दहा त्याच्याबरोबर जातील.

रानजाई

दिसले!! सबॅस्टियन आता जरा माणसात आलाय.

ताई शनिवारी येतेय, तिच्या शेतात मॉडचा काही परिणाम होणार नाही ना? आणि शेवटचं, लुकअप एनिथिंगचं बटण एफ१ आहे असं लिहिलंय, मी गावातल्या लिनसच्या अंगावर माऊस नेऊन एफ१ दाबते तर गेमचा आवाज बंद होतो. परत दाबलं की चालू. मॉडमध्ये गडबड आहे का?

शंकासुर

मॉड ठणठणीत आहे, लॅपटॉपच्या त्या बटणावर म्यूट छापलेलं आहे. खाली डाव्या कोपऱ्यात एफएन आहे, ते धरून ठेवून एफ१ दाब.

ताईच्या शेतात नुसते चेहरे बदललेले दिसतील, सेव्हमध्ये त्यातलं काही लिहिलं जात नाही. नवीन गावं, नवीन माणसं आणणारी मोठी मॉड मात्र तिच्या शेतावर टाकू नकोस, ती मध्येच काढली की सेव्ह अडखळते.

रानजाई

हो आलं! लिनसला याम आवडतं म्हणे. मी वर्षभर त्याला सॅलड देत होते.